चौसष्ट नंबर आणि बाबांची टाळी

माझा भाऊ सहा वर्षं फुटबॉल खेळला आणि या सहा वर्षांत त्यानं चेंडूला एकदाही हात लावला नाही. पायही नाही. हे कुणाला सांगितलं की समोरचा हसतो, मग मला समजावत बसावं लागतं. समजावून समजावून माझं डोकं उठलंय, म्हणून आता एकदाच नीट सांगते.

हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर हे एवढे पॅड, लांबट चेंडू. दोन्ही संघ समोरासमोर रांगेत वाकून उभे राहतात. मागे एक जण असतो, क्वार्टरबॅक, सगळ्या खेळाचा मालक. चेंडू त्याच्याकडे जातो, तो लांब फेकतो, कुणीतरी झेलतो, पळतो, लोक नाचतात. आणि पुढे रांगेत जे पाच धिप्पाड बैल उभे असतात त्यांचं काम एकच: समोरून धावत येणाऱ्याला छातीवर घेऊन थोपवायचं, म्हणजे मागच्याला निवांत चेंडू फेकता येतो. धरायचं नाही, ओढायचं नाही. थोपवलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नाही थोपवलं तर सगळे तुमच्या नावानं बोंब मारतात. अशा माणसाला लाइनमन म्हणतात. आमचा प्रबुद्ध लाइनमन. पवनीच्या मामाला वाटलं भाचा वीज मंडळात लागला, त्यानं गावात पेढे वाटले. मी खुलासा केला नाही. कशाला कुणाचा पेढा कडू करा!

आम्ही खोब्रागडे, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. बाबा, म्हणजे किसन खोब्रागडे, एसी टेक्निशियन म्हणून बहरीनला आले त्याला एकतीस वर्षं झाली. आई, भागीरथा, मला कडेवर घेऊन नंतर आली. प्रबुद्ध माझ्याहून चार वर्षांनी लहान, तो इथलाच, झिंज भागातल्या याच फ्लॅटमध्ये वाढलेला. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण ती इंशाल्लावर चालते. खाली राजनचं कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं किराणा दुकान. मी अक्षता, एका खासगी क्लिनिकमध्ये एक्स-रे काढते. हे मुद्दाम सांगितलं, कारण माझ्या भावाच्या दहा बोटांपैकी आठांचे एक्स-रे मी स्वतः काढलेत. दोन उरलीत, ती कधी येतायत याची वाट बघत असते.

आता बाबांची टाळी. ती कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

बाबा उंचीनं पाच फूट चार इंच, अंगानं शिडीसारखे, आणि टाळी अशी की चार गच्च्यांवरची कबुतरं उडावीत. ही टाळी कामावरची. एसीचं युनिट असतं गच्चीवर आणि मेन स्विच पार तळमजल्यावर. मधल्या डक्टमधून शब्द नीट पोचत नाही, नुसता घुमतो. म्हणून बाबांच्या गँगची रीत होती: एक टाळी म्हणजे चालू कर, दोन टाळ्या म्हणजे बंद कर. पुढे मोबाइल आले, वॉकीटॉकी आले, पण बाबांनी टाळी सोडली नाही. "बॅटरी उतरते बाप्पा, हात कुठं उतरते?" असं म्हणायचे.

आणि हीच रीत घरात! प्रबुद्ध चालायला शिकला तो आमच्या मजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये. बाबा दुपारी जेवायला घरी येत, त्याला एका टोकाला उभं करत आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जिन्यापाशी बसत. एक टाळी, की पोट्टा सुटला. दोन टाळ्या, की जागच्या जागी थांबला, जिन्याच्या अलीकडे. रोज हाच खेळ. मी पाच वर्षांची, भिंतीला टेकून बघायची आणि मला जाम राग यायचा, कारण माझ्यासाठी कुणी कधी अशी टाळी वाजवली नव्हती. मला नुसतं "अक्षता, सरक" म्हणायचे.

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमातही तेच. चौदा एप्रिलला हॉल भाड्यानं घेतात, भाषणं होतात, लहान पोरं गाणी म्हणतात. पहिली टाळी बाबांची. ती वाजल्याशिवाय बाकीच्यांना कळतच नाही की भाषण संपलं. काही वक्त्यांचं तर बाबांनी अर्ध्यातच संपवलंय.

प्रबुद्ध दहाव्या वर्षी बाबांपेक्षा उंच झाला आणि बाराव्या वर्षी त्यांच्या दुप्पट रुंद. शाळेत सगळे त्याला चिडवायचे. क्रिकेटमध्ये घेतला तर धाव काढताना दमायचा, नाटकात घेतला तर झाड व्हायचा. हा काही बोलायचा नाही. घरी येऊन आठ पोळ्या खायचा आणि झोपायचा. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, इमारतीतली आग विझवायची नळकांडी तपासायची. तिथं सेफ्टी ऑफिसर होती खदिजा, बहरीनी मुलगी, तोंडानं फटकळ, पण मनानं लाखमोलाची. ती इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची मॅनेजर. प्रबुद्ध तिच्या केबिनच्या दारात उभा राहिला तर म्हणे मागचा कॉरिडॉर दिसेना. तिनं फाइल बघायच्या आधी विचारलं, "शुक्रवारी मोकळा असतोस का?"

तिथून आमच्या घराची वाट लागली. सकाळी चौदा अंडी. राजन न सांगता ट्रे वर पाठवू लागला आणि आईला विचारायचा, "भाभी, हॉटेल खोला क्या?" दुपारी अख्खी कोंबडी, बरोबर खबूसची, म्हणजे इथल्या अरबी रोट्यांची चळत. बाल्कनीत वाळत घातलेल्या पॅडचा असा वास, की शेजारीण हेमा मावशींनी त्या बाजूची खिडकी सहा वर्षं उघडली नाही. सोफ्याचा एक पाय गेला, मग दुसरा. वजन एकशे तीस किलो. मी म्हणायची, "अरे, कमी खा, हार्टला त्रास होईल." तर हा इंग्रजीत म्हणणार, "ताई, इट्स माय जॉब." आम्ही घरात मराठीत बोलतो आणि हा उत्तरं इंग्रजीत देतो, हा आणखी एक मनस्ताप.

बाबा पहिल्या वर्षीच एकदा मोबाइलवर खेळ बघायला बसले. दहा मिनिटं बघितलं. क्वार्टरबॅक होता वरुण, पुण्याच्या एका बँकवाल्यांचा मुलगा, चांगला पोरगा, सडपातळ, गोरा, त्याचाच फोटो सगळीकडे. बाबांनी विचारलं, "मंग आपला कुठं हाय?"

"तो काय, समोर. वरुणला सांभाळतोय."

बाबांनी मोबाइल पालथा ठेवला. "आमच्या बापजाद्यायनं गावाची वेस राखली," ते म्हणाले. "गाव आत झोपे आन आमी काठी घेऊन बाहेर उभे. म्या म्हटलं, पोरगा शिकन, आत जाईन. अन हा पुन्हा वेशीवरच उभा!"

प्रबुद्ध त्या दिवशी मराठीत बोलला. "बाबा, मला कुणी उभं केलं नाही. मी उभा राहिलोय. आणि मला तिथंच आवडतं."

बाबा उठून आत गेले. सहा वर्षं त्यांनी एकही सामना पाहिला नाही. त्या दोघांत भांडण नव्हतं. जेवताना मीठ मागायचे, पाणी मागायचे. पण शुक्रवारी हा बॅग उचलून निघाला की बाबा बरोबर त्याच वेळी बाथरूममध्ये जायचे. एकाला सांगावं तर तो गप्प, दुसऱ्याला सांगावं तर तोही गप्प. मधल्या मधे मी आणि आई, नुसत्या फुटत.

गेल्या नोव्हेंबरात खदिजाचा फोन आला. जर्मनीतल्या एका छोट्या गावाच्या क्लबचा कोच दोन दिवसांसाठी येतोय, त्याला लाइनमन हवाय. पसंत पडला तर एका सीझनचं कॉन्ट्रॅक्ट, राहायला खोली, पगार. म्हणजे खेळण्याचा पगार! प्रबुद्ध सत्तावीस वर्षांचा. खदिजानं स्पष्ट सांगितलं, "यंदा नाही तर खलास. अठ्ठावीसच्या नवख्याला युरोपात कुणी उभं करत नाही." शुक्रवारी सखीरच्या बाजूला मैदानावर कुवेतच्या संघाशी सामना होता. कोच तोच बघणार होता.

प्रबुद्ध दोन आठवडे नीट जेवला नाही. आता हे ऐकून कुणालाही वाटेल उपाशी राहिला, पण नीट न जेवणं म्हणजे दहाच अंडी. आई घाबरली. मला पहिल्यांदा कळलं की या ठोकळ्याला काहीतरी मनापासून हवंय.

आणि इथं मी माती खाल्ली. मीच, दुसरं कुणी नाही. मला वाटलं, सहा वर्षं या पोरासाठी कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या टाळ्या वरुणला. निदान त्या कोचला तरी दिसू दे की याचीही माणसं आहेत. म्हणून मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: "आपल्या प्रबुद्धचा मोठा सामना. सगळ्यांनी या. जोरात टाळ्या वाजवा." खाली तीन फुलं, दोन निळे झेंडे. आणि तो मेसेज बाबांनीही वाचला. शुक्रवारी दुपारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. मला म्हणाले, "कायले पाहून राहिली? मंडळ चाललं, मी काय घरी बसू?"

एक्केचाळीस माणसं आली. चटया, डबे, थर्मास, लहान पोरं, सगळं. आईनं वांग्याचं भरीत आणलं होतं. पलीकडे त्या जर्मन कोचचा मोठा देह खुर्चीत बसलेला, मांडीवर वही.

आता खेळातली एक गोष्ट, फार महत्त्वाची. चेंडू हलेपर्यंत रांगेतल्या माणसानं दगडासारखं थांबायचं असतं. एक हात जमिनीला टेकवून वाकलेला, समोरच्याचा श्वास तोंडावर, आणि तरी हलायचं नाही. डोळ्याच्या पापणीइतका जरी आधी सुटला तरी दंड. शिट्टी, पाच यार्ड मागे. मग सुटायचं कधी? प्रत्येक संघाची खूण ठरलेली असते. बऱ्याच ठिकाणी क्वार्टरबॅक ओरडतो. आमच्या संघात बहरीनी, फिलिपिनो, मल्याळी, दोन-तीन अमेरिकन, एकाचं दुसऱ्याला कळत नाही, म्हणून आमच्या संघाच्या कोचनं ठरवलं होतं की वरुण मागून टाळी वाजवेल. एक टाळी, की सगळे सुटले.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शप्पथ माहीत नव्हतं. सहा वर्षं त्याच्या बोटांचे फोटो काढले, पण कधी विचारलं नाही की बाबा रे, तू सुटतोस कशावर?

खेळ सुरू झाला. प्रबुद्ध वाकला. पाठीवर चौसष्ट नंबर. मंडळी आधीच टाळ्या वाजवत होती, कशाचा कशाला मेळ नाही. प्रबुद्ध ढिम्म. चाळीस माणसांच्या टाळ्या त्याच्या कानावरून गेल्या, वाऱ्यासारख्या. आणि मग बाबा उभे राहिले. हात आकाशात नेले आणि एकच वाजवली.

प्रबुद्ध सुटला. एकटाच! बाकीचे चौघे जागेवर आणि हा समोरच्या कुवेतच्या माणसाला घेऊन पाच पावलं पुढं. शिट्टी वाजली. पंचानं पिवळा रुमाल काढून प्रबुद्धच्या दिशेनं फेकला आणि माइकवरून इंग्रजीत काहीतरी बोलला, त्यातलं "चौसष्ट नंबर" तेवढं आमच्या सगळ्यांना कळलं.

झालं! आमच्या मंडळींना वाटलं सत्कारच झाला. रुमाल काय टाकला, नंबर काय पुकारला! "जय भीम! वा रे पोरा!" आई डोळे पुसू लागली. बाबांची छाती इतकी फुगली की पांढऱ्या शर्टाचं बटण ताणलं. मीसुद्धा ओरडले. आज आठवलं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

दुसऱ्यांदा तेच. बाबांची टाळी, प्रबुद्ध सुटला, पिवळा रुमाल, चौसष्ट नंबर, आमचा जल्लोष. तिसऱ्यांदा तेच. मग आमच्या संघाच्या कोचनं त्याला बाहेर बसवलं आणि तो बाकावर हेल्मेट मांडीत घेऊन बसला, आमच्याकडे न बघता. आई म्हणाली, "दमला असन गं. जास्तच खेळला आज."

तेवढ्यात खदिजा पायऱ्या चढत आली, अबाया सावरत, चेहरा लाल. "कौन मारता है ताली? वो एक, बडा वाला ताली? कौन?"

बाबांनी अभिमानानं हात वर केला.

खदिजानं हिंदीत, अरबीत, इंग्रजीत, जे सापडेल त्यात सगळं सांगितलं. तो रुमाल म्हणजे दंड. नंबर पुकारला तो गुन्हेगाराचा. तीन चुका, जर्मन माणसानं वहीत तिन्ही लिहिल्यात. "बस, अंकल. मफी ताली, ताली नहीं. मफी!"

बाबा खाली बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसून राहिले. एक्केचाळीस माणसं एकदम मुकी झाली. लहान पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. दुसऱ्या हाफमध्ये प्रबुद्धला परत घेतलं आणि तो असा खेळला की वरुणच्या जर्सीला माती लागली नाही. कुवेतचा कुणी वरुणच्या अंगाला शिवू शकला नाही. आम्ही जिंकलो. पण आमच्या चटईवर कुणी टाळी वाजवली नाही, भरीत तसंच राहिलं.

सामन्यानंतर जर्मन कोचनं प्रबुद्धला विचारलं, तीनदा का सुटलास? हा म्हणाला, "माझी चूक." बस, एवढंच. कोचनं वही मिटली.

गाडीत मी फुटले. "तुला कळलं होतं ना कुणाची टाळी होती ती?"

"कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू, ताई?" तो काचेबाहेर बघत म्हणाला. "सत्तावीस वर्षांचा माणूस, बापानं टाळी वाजवली की पळत सुटतो?"

पुढच्या सीटवर बाबा बसले होते. त्यांनी ऐकलं. 

मला असा संताप आला म्हणून सांगू! याचा, बाबांचा, माझ्या त्या मेसेजचा, त्यातल्या तीन फुलांचा. सगळे आपापल्या जागी शहाणे, आणि पोराचं आयुष्य गेलं चुलीत. सकाळी मी खदिजाला फोन केला. कोचचं विमान संध्याकाळचं होतं. ती म्हणाली, "दुपारी दोनला मैदानावर आणते. तुझ्या वडिलांना घेऊन ये. यल्ला, लवकर."

मी आईला, बाबांना आणि प्रबुद्धला गाडीत कोंबलं. बाबांना वाटलं माफी मागायची आहे, त्यांनी वाटेत इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ केली. मैदानावर वरुण आणि संघातली पाच-सहा पोरं आली होती. मी त्या जर्मन माणसाला सगळं सांगून टाकलं. डक्ट, गच्ची, पॅसेज, जिना, सगळं. प्रबुद्ध मला "ताई, स्टॉप" म्हणत होता. मी म्हटलं, तू गप. सहा वर्षं तू गप आहेस, आता माझी पाळी.

कोच स्वतः जुना लाइनमन. त्याची बोटं बघितली, एकही सरळ नव्हतं. त्यानं बाबांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "हा माणूस?" मग म्हणाला, "आमच्याकडेही क्वार्टरबॅक टाळीच वाजवतो, आणि मैदानात हजारो लोक टाळ्या वाजवतात. मला एवढंच बघायचंय की याला बाकीच्या टाळ्या थोपवता येतात का." त्यानं ठरवलं ते असं: प्रबुद्ध रांगेत वाकेल. वरुण मागून टाळी देईल तेव्हाच सुटायचं. आणि बाबा बाजूला उभे राहून त्याआधी आपली टाळी वाजवतील. दहा वेळा. एकदा जरी बाबांच्या टाळीवर हलला तर कॉन्ट्रॅक्टचा कागद नाही.

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी हात पाठीमागे नेले. "मी नाई वाजवत. कालच पोराचं वाटोळं केलं या हातानं. पुन्हा करू?"

"बाबा, नाही वाजवलीत तर तसाही गेला तो."

त्यांनी वाजवली. पण कशी? फुसकी, पोळीचं पीठ झटकावं तशी. कोचनं मान हलवली. ही नाही चालणार. पुन्हा. दुसरीही तशीच. आईला राहवलं नाही. ती डबा खाली ठेवून ओरडली, "वाजवा ना आता! इकतीस वर्षं आमचे कान किटवले, आन आज कायले हात आकडले तुमचे?"

तेव्हा प्रबुद्ध बोलला. हात जमिनीवर टेकलेला, मान समोर, मागे न बघता. इंग्रजीत नाही.

"बाबा, नीट वाजवा. पॅसेजमधल्यासारखी."

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. हात आकाशात नेले आणि वाजवली. पलीकडच्या विजेच्या तारेवरची पाखरं उडाली. प्रबुद्ध हलला नाही. मग वरुणची टाळी झाली आणि तो सुटला, बाकीच्यांबरोबर, वेळेवर. दुसरी. तिसऱ्या वेळी त्याची पोटरी थरथरली, मी बघितली, पण पाय उचलला नाही. चौथी. पाचवी. बाबा प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात वाजवत होते, दातओठ खाऊन, आणि त्यांचे डोळे भरलेले. सात, आठ. आई मोठ्यानं मोजत होती. दहावी बाबांनी अशी वाजवली की मैदानाबाहेर कोचच्या गाडीत झोपलेला ड्रायव्हर दचकून उठला. प्रबुद्ध दगड. मग वरुणनं टाळी दिली आणि माझा भाऊ समोरच्या पोराला उचलून पार रेषेपलीकडे घेऊन गेला.

कोचनं वहीतून कागद काढला.

बाबा माझ्याजवळ आले. तळहात लाल झाले होते. "हालला नाई गं," ते म्हणाले. "माही टाळी आयकून हालला नाई." त्यांना आनंद झाला होता की दुःख, ते त्यांनाच कळत नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही. मी आईच्या थर्मासमधलं गार पाणी त्यांच्या हातावर ओतलं.

त्यानंतर बाबांनी टाळी बंद केली. कायमची. कामावर मोबाइल वापरू लागले. जानेवारीत मंडळातल्या उज्ज्वलच्या मुलीच्या नामकरणाला मंडळ जमलं, भाषण झालं, बाबा हाताची घडी घालून बसले. त्यांनी वाजवली नाही म्हणून कुणीच वाजवली नाही. वक्ते बिचारे पाच मिनिटं तसेच उभे, मग त्यांनी दुसरं भाषण सुरू केलं. मी कपाळावर हात मारला.

मार्चमध्ये प्रबुद्ध निघाला. विमानतळावर आम्ही चौघंच. एका बॅगेत पॅड, तिचा वास अख्ख्या हॉलला. आईनं दिलेला ठेचा आणि जवसाची चटणी दुसऱ्या बॅगेत, वजन जास्त भरलं म्हणून काउंटरवर पुन्हा उघडून काढा, भरा, काढा. मी वैतागलेली, आई रडतेय, बाबा हात खिशात घालून खांबापाशी उभे. प्रबुद्ध आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर थापटी मारली, आणि बाबांसमोर येऊन उभा राहिला. दोघंही गप्प. सहा वर्षांची सवय.

मग हा ठोकळा मागे वळला. सिक्युरिटीच्या दाराकडे तोंड केलं आणि भर विमानतळावर वाकला. एक हात फरशीला टेकवला, पाठ सपाट, मान समोर. लोक थांबून बघायला लागले. एक पोलीसही थांबला. प्रबुद्ध हलेना.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी ओरडले, "बाबा, वाजवा ना! विमान जाईल त्याचं!"

बाबांनी खिशातून हात काढले. वर नेले. एक वाजवली.

प्रबुद्ध उठला आणि निघाला. बॅग खांद्यावर, लांब लांब पावलं, मागे न बघता, कारण लाइनमन मागे बघत नाही. दार उघडलं. बाबांचे हात पुन्हा वर गेले होते, एकमेकांपासून वीतभर दूर. ते तसेच राहिले. दुसरी टाळी वाजली असती तर तो जागच्या जागी थांबला असता, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. दार बंद होईपर्यंत बाबांनी हात जुळू दिले नाहीत.